खांड्याचा मानकरी

पालखी वरच्या दरवाजात थांबली. आत्याबाईंनी पुढे होऊन तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, भोयांच्या पायांवर पाणी घातलं आणि पडदा बाजूला सारला. आत नवरदेव होता. म्हणजे लाल मखमलीच्या लोडावर सरळ पात्याचा एक खांडा आडवा ठेवलेला होता. मुठीला मुंडावळ्या बांधल्या होत्या आणि म्यानावर शेला पांघरला होता.

मी माडीच्या झरोक्यातून पाहत होते. एकोणीस वर्षांची घोडनवरी मी, त्या काळात माझ्या वयाच्या बायकांची दोन-दोन पोरं पायांत घोटाळत असत. "उंची तर बरी आहे नवऱ्याची," मी तुळसाला म्हणाले. तुळसा माझी दासी. तिने तोंडात पदर कोंबला तरी हसू फुटलंच, आणि खालून आत्याबाईंनी वर डोळे वटारले.

आमचा घोणसगड आणि समोरच्या उंबरखोऱ्याचे राजे यांचं हाडवैर माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचं. ते कशावरून सुरू झालं हे कुणालाच धड सांगता येत नसे. माझा थोरला भाऊ मानाजीदादा त्यांच्या माणसांच्या हातून खिंडीत मारला गेला, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. दादाचं प्रेत गडावर आणलं त्या दिवशी आबासाहेबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गडदेवीसमोर बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली, की त्या घरचा पुरुष हा गड चढला तर जिवंत उतरणार नाही. आबासाहेब गडाचे किल्लेदार होते आणि शब्द फिरवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

पुढे सहा वर्षांनी सरकारातून हुकूम आला, की पुरे झालं, सोयरीक करा आणि भांडण मिटवा. मुलगी आमची, मुलगा त्यांचा. लग्न मुलीच्या घरी, म्हणजे गडावर. आता नवरा गडावर चढला तर आबासाहेबांना शपथ पाळावी लागणार, आणि शपथ पाळली तर सरकारचा हुकूम मोडणार. अशा अडचणीला आमच्या लोकांत एक जुनी रीत आहे. नवऱ्याला येता येत नसलं की तो आपला खांडा पाठवतो आणि नवरीचं लग्न त्या खांड्याशी लावतात. भटजी म्हणाले, शपथ माणसाला बांधते, लोखंडाला बांधत नाही. सदरेवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? सातव्या वर्षानंतर मी वरच्या दरवाजाखाली पाऊल टाकलं नव्हतं. आई लहानपणीच गेली. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेल्या आत्याबाईंनी दादाला आणि मला वाढवलं. त्यांच्या मायेत कधी खोट नव्हती, पण ती माया दाराला कडी लावून करायची असते अशी त्यांची समजूत होती.

खांड्याबरोबर तीन माणसं वर आली. एक त्यांचे भटजी, एक म्हातारे कारभारी आणि तिसरा खांड्याचा मानकरी. मानकऱ्याचं काम असं, की लग्न होईपर्यंत खांड्याची पाठ सोडायची नाही, आणि खांड्याला तोंड नाही म्हणून त्याच्या वतीने जेवायचं, विडा खायचा आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. दरवाजावर पहारेकऱ्यांनी तिघांची कसून झडती घेतली. मानकऱ्याने आपलं नाव हैबती सांगितलं. मळकं पागोटं, कोपराला फाटलेली बाराबंदी, हाताला लगामाचे घट्टे. पागेतला माणूस दिसतो, म्हणून त्याला आत घेतलं.

खांडा देवघरालगतच्या खोलीत चौरंगावर बसला. त्याचं ताट नवरीने स्वतःच्या हाताने वाढायचं असतं, कारण पुढे जन्मभर तेच करायचं असतं. पहिल्या दुपारी मी ताट घेऊन गेले तेव्हा आत्याबाई उंबऱ्याशी सूप घेऊन अक्षतांचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. हैबती चौरंगाशेजारी मांडी घालून बसला आणि मुकाट्याने जेवू लागला.

मला गप्प बसवेना. मी म्हणाले, "खांड्याला विचार, वांगं आवडलं का?"

त्याने खरंच खांड्याकडे कान नेला, थोडं ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "खांडा म्हणतो, मीठ कमी आहे."

"खांड्याला म्हणावं, नव्या जावयाने पहिल्याच जेवणात नाव ठेवू नये," आत्याबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या.

मी धीर करून विचारलं, "तुझे धनी दिसतात कसे?"

"नाक मोठं आहे. घोड्यावर बसले की बरे दिसतात, कारण लोक घोड्याकडे पाहतात."

"रागीट आहेत?"

"भूक लागली की."

"बायकांवर हात टाकतात?"

या वेळी त्याने खांड्याकडे कान नेला नाही. घास हातात तसाच धरून तो म्हणाला, "नाही, बाईसाहेब. ते कधी व्हायचं नाही."

एवढंच बोलणं झालं, पण ताट उचलून नेताना माझे हात हलके झाले होते. संध्याकाळच्या ताटाला मी त्याला खालचं विचारलं. गडावर गाडी नसते. मी गाड्या पाहिल्या होत्या त्या तटावरून, मुंग्यांएवढ्या, आवाज नसलेल्या. गाडीचं चाक वाजतं का, असं मी विचारलं आणि तो हसेल म्हणून आधीच रागावून बसले. तो हसला नाही. वंगण घातलेलं चाक कसं वाजतं, न घातलेलं कसं, भरलेली गाडी ओढ्यातून वर येताना बैल कसे श्वास टाकतात, हे त्याने मला अर्धं ताट थंड होईपर्यंत सांगितलं. आत्याबाई दोनदा खाकरल्या.

दुसऱ्या दिवशी मला काय झालं होतं ते मी आता स्पष्ट सांगते, तेव्हा स्वतःशीही कबूल करायची लाज वाटत होती. लग्न खांड्याशी ठरलं होतं आणि जीव जडला होता तो त्याचं ताट खाणाऱ्यावर. सबंध सकाळ मी निमित्तं काढत होते. हैबती, पाणी हवं का. हैबती, ती वात पुढे सार. हैबती, खाली नदीला आता पाणी किती असेल. शेवटी आत्याबाई वैतागल्या आणि म्हणाल्या, "किती ते हैबती हैबती! गडावर दुसरं नाव उरलं नाही का?" मी म्हणाले, नाव तोंडात बसतं चांगलं. आणि खरंच ते बसत होतं.

तिसऱ्या प्रहरी खांड्याला हळद लागली. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावतात, म्हणून मानकरी ती वाटी घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आला. आत्याबाई पुरण शिजलं का पाहायला मुदपाकखान्यात गेल्या होत्या, तुळसा पाट मांडायला परसात. दाराशी आम्ही दोघंच होतो. पुन्हा अशी वेळ येणार नव्हती.

मी वाटी घेतली नाही. म्हणाले, "हैबती, तुझ्या धन्यांना एक निरोप सांग. मी येईन, त्यांच्या घरी नांदेन, काही कमी पडू देणार नाही. फक्त तुला त्यांनी दुसऱ्या कुठल्या ठाण्यावर पाठवावं. तू रोज समोर दिसलास तर माझ्याने नीट संसार होणार नाही."

त्याने वाटी दोन्ही हातांत घट्ट धरली. मग म्हणाला, "निरोप सांगायला नको. धन्यांनी ऐकला."

मी वळून देवघरालगतच्या खोलीकडे, खांड्याकडे पाहिलं.

"तिकडे नव्हे," ते म्हणाले. "इकडे."

त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. ते सगळ्या मुलखाला ठाऊक आहे, ज्याला हवं त्याने विचारून घ्यावं.

मला आधी आनंद झाला नाही, मी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. आबासाहेबांची शपथ ठाऊक आहे ना, असं मी विचारलं. "ठाऊक आहे," ते म्हणाले, "म्हणून तर पागोटं मळकं आहे." थट्टा करायची ही वेळ नाही, असं मी म्हणाले तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, "तुम्ही जन्मभर माझ्या घरी राहणार. मी एकदा तरी तुमच्या घरी यायला हवं होतं. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या दादांच्या वेळी मी खिंडीत नव्हतो, पण घोडे आमचे होते आणि माणसं आमची होती. हे तोंडावर सांगितल्याशिवाय तुम्हाला घरी नेणं मला जमलं नसतं."

दादाचं नाव निघाल्यावर मला रडू आलं. ते वाटी धरून तसेच उभे राहिले, पुढे आले नाहीत, समजूत घातली नाही. माझं रडणं आटोपल्यावर मी पदराने डोळे पुसले आणि वाटी घेतली. आमचं लग्न झालं ते माझ्या हिशेबी त्याच वेळी. दुसऱ्या दिवशी झाला तो नुसता सोहळा.

मग त्यांनी पुढचं भराभर सांगितलं. लग्न सकाळी लागेल. दुपारचं ताट झालं की मानकऱ्याने पुढे उतरून पायथ्याच्या आमराईत थांबलेल्या वऱ्हाडाला वर्दी द्यायची, ही रीतच होती. खालच्या दरवाजाबाहेर त्यांची चार माणसं घोडी धरून उभी राहणार होती. उन्हं कलली की खांड्याबरोबर माझा मेणा उतरेल, आणि आमराईत माझ्यासमोर येतील ते स्वतःच्या पोशाखात, स्वतःच्या नावाने. फक्त उद्याची दुपार पार पडायला हवी.

"उद्याही मला हैबतीच म्हणा," ते जाता जाता म्हणाले. "आजच्यासारखंच. त्यात फरक पडू देऊ नका."

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. अंतरपाटाच्या पलीकडे ते दोन्ही तळहातांवर खांडा धरून उभे होते. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी हार खांड्याला घातला आणि पाहिलं त्यांच्याकडे. गडावरच्या तीनशे माणसांनी आमच्यावर अक्षता टाकल्या. त्यांना वाटत होतं आपण त्या लोखंडावर टाकतोय. मंगळसूत्र खांड्याच्या मुठीला लावून आमच्या भटजींच्या बायकोने माझ्या गळ्यात बांधलं. आबासाहेब एका बाजूला उभे होते, दादाचा शेला खांद्यावर घेऊन. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी इतकी सुखात होते की त्यांच्याकडे पाहून मला फक्त दया आली.

मग दुपारचं ताट आलं, शेवटचं. पुरणपोळी, कटाची आमटी, तूप. मी ताट वाढलं आणि खांड्यासमोर ठेवलं. ते बाहेर चौकात कारभाऱ्यांबरोबर खांड्याची पेटी बांधत होते. आत्याबाई नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी सूप घेऊन बसल्या होत्या.

"वाढलंय ना?" त्या म्हणाल्या. "मग हाक मार हैबतीला."

मी चौकाकडे तोंड केलं, श्वास घेतला, आणि नाव बाहेर येईना.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकवावं लागत नाही. आत्याबाईंचा नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या तोंडून त्याचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. आमच्याकडे एका बाईच्या नवऱ्याचं नाव गुळोजी होतं, ती जन्मभर गुळाला 'गोड' म्हणत आली. पण हे नाव तर खोटं होतं. त्यांचं नव्हतंच ते. पागेतल्या कुणाचं तरी उसनं घेतलेलं नाव, ते घेतल्याने काही बिघडणार नव्हतं. हे सगळं मला त्याही वेळी कळत होतं. पण त्याच नावाने मी दोन दिवस त्यांना हाका मारल्या होत्या, त्याच नावावर जीव जडला होता. माझ्यापुरतं तेच त्यांचं नाव झालं होतं. आणि गळ्यात मंगळसूत्र पडून दोन घटका झाल्या नव्हत्या.

"तुळसाला सांगते," मी म्हणाले.

"तुळसा कशाला? तुला तोंड आहे की. चार पावलांवर तर आहे तो. मार हाक."

मी म्हणाले, होमाच्या धुराने माझा घसा बसलाय.  आत्याबाई नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मी मान खाली घालून रांगोळी नीट करू लागले. खरं सांगायचं तर मी त्या वेळी मनातून फुलले होते. मला वाटलं, बायको म्हणून नवऱ्याला द्यायचा पहिला मान मी दिला, भरल्या घरात दिला आणि कुणाला कळलंही नाही.

आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं मुदपाकखान्यात गेल्या असतील.

तुळसाने त्यांना चौकातून जेवायला बोलावून आणलं. ते जेवले, घाईने जेवले. मी तूप वाढायला वाकले तेव्हा हळूच म्हणाले, "मेणा सावकाश आणायला सांगा. भोई उतारावर घाई करतात." मी मान हलवली. दोन पोळ्या संपवून त्यांनी हात धुतले, खांड्याला मुजरा केला, मलाही केला, चाकराने करायचा तसा, आणि निघाले. त्यांची पाठ चौकातून दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत उभी होते. मग आत येऊन मी त्यांच्या पानावर बसले आणि उरलेली अर्धी पोळी खाल्ली.

मी हात धूत होते तेव्हा आत्याबाई आल्या. पान पाहिलं. उष्टं पान पुढ्यात होतं आणि त्यावर माझी बोटं उमटलेली होती. त्या माझ्यासमोर खाली बसल्या.

"गेला का तो?"

"हो."

"सकाळपासून त्याचं नाव घेतलं नाहीस," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "काल शंभरदा घेत होतीस. आज मी दोनदा सांगितलं तरी नाही. तीस वर्षं मीही एक नाव चुकवत बोलते, दीपा. नाव चुकवणारं तोंड मला कळतं."

मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. खोटं बोलायला हवं होतं, हसायला हवं होतं, काहीही करायला हवं होतं.

"मानाजी माझ्या मांडीवर मोठा झाला," आत्याबाई म्हणाल्या. "आणि आबाची शपथ मोडली असती तर देवीने आबाला नेलं असतं. मी आबाला सांगून आले."

मी उठले. मला चौक आठवत नाही, जिना आठवत नाही. आठवतं ते तटाचा दगड पोटाला लागला ते. वरच्या दरवाजापासून खालच्या दरवाजापर्यंत कातळात खोदलेल्या दीडशेएक वळणाच्या पायऱ्या आहेत. एका बाजूला कातळाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. ते बरेच खाली गेले होते. तीसेक पायऱ्या उरल्या असतील. घाई करत नव्हते. नवऱ्या मुलाच्या घरचा चाकर पोटभर जेवून उतरतो तसे उतरत होते. खालचा दरवाजा उघडा होता आणि त्याच्या बाहेर घोड्यांच्या शेपट्या हलताना मला दिसत होत्या.

वरच्या दरवाजातून आमची सहा माणसं बाहेर पडली. तीही धावत नव्हती. चाहूल लागू नये म्हणून पायांतले जोडे काढून, भिंतीच्या कडेने, भराभर उतरत होती. त्यांच्या मागे दरवाजात आबासाहेब उभे होते.

पळा, असं ओरडावं हा पहिला विचार आला. पण पळा म्हटलं की सगळं कबूल केल्यासारखं होतं. मग मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आत्याबाईंनी पुरावा दिला होता तो एवढाच ना, की मी नाव घेतलं नाही? मग घ्यायचं. आबासाहेबांना ऐकू जाईल, पहारेकऱ्यांना ऐकू जाईल असं घ्यायचं. आपल्या लेकीने भर उन्हात, तटावर उभं राहून ज्याचं नाव घेतलं तो तिचा नवरा असणं शक्य नाही, हे आबासाहेबांना मान्य करावंच लागलं असतं. माझ्या माणसांच्या जगात याहून मोठी साक्ष नव्हती.

मी सगळा जीव गोळा केला आणि हाक मारली.

"हैबती!"

ते थांबले.

का थांबणार नाहीत? किल्लेदाराच्या मुलीने चाकराला हाक मारली, तर चाकराने थांबायचं असतं. न थांबता पुढे गेले असते तर दरवाजावरच्या पहारेकऱ्यांनी तिथेच संशय घेतला असता. त्यांनी वळून वर पाहिलं, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि मला शोधलं. मी सापडल्यावर ते हसले. काल मला अवघड नाही म्हणालात ना, मग पाहा, जमतंय की, असं काहीसं त्या हसण्यात होतं. मी त्यांना खूण केली, हात हलवले, पण लांबून ते बोलावल्यासारखंच दिसलं असणार.

"जी, बाईसाहेब," त्यांनी खालून उत्तर दिलं, आणि माझ्या हुकमाची वाट पाहत उभे राहिले.

तेवढ्यात माणसं वळणाआडून त्यांच्यापर्यंत पोचली. तलवार उपसायची वेळ आली नाही. पायऱ्यांची दुसरी बाजू मोकळी होती.

आबासाहेबांनी त्याच संध्याकाळी सदरेवर सांगितलं, की उंबरखोऱ्याचा एक चाकर पायऱ्यांवरून घसरून गेला, वाईट झालं. चाकर गेला. जावई आपल्या घरी सुखरूप आहे, त्याचा खांडा तर आपल्याच देवघरात आहे. त्या दिवशी मेणा उतरला नाही. मी बांगड्या फोडायला भिंतीपाशी गेले तेव्हा आबासाहेबांनी स्वतः माझे दोन्ही हात धरले. बांगड्या फोडणं म्हणजे सरकारच्या हुकमाने झालेल्या जावयाला मारल्याची कबुली होती. उंबरखोऱ्यालाही बोलता येईना. राजाचा मुलगा चाकराचं पागोटं घालून वैऱ्याच्या घरात जेवला आणि मेला, हे ते कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी मुलखात उठवून दिलं, की धाकले राजे लग्न होताच काशीला गेले, मन विरक्त झालं, तिकडेच राहिले.

तेव्हापासून मी काशीला गेलेल्या नवऱ्याची बायको आहे. आत्याबाई होत्या तोवर रोज सकाळी त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ज्या बाईचं स्वतःचं कपाळ पांढरं ती माझं भरायची. आम्ही त्या दुपारबद्दल एकदाही बोललो नाही. मरताना त्यांनी माझा हात मागितला, तो मी दिला, पण क्षमा दिली नाही. तो अधिकार माझा आहे असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी जे केलं ते माझ्या गप्प बसण्याने केलं होतं, आणि त्यांनी केलं तेवढ्यानेच ते मेले नसते. तीस पायऱ्या उरल्या होत्या.

आता गडावर मी सगळ्यांत वडील सवाष्ण आहे. कुणाच्या घरी डोहाळजेवण असो, मंगळागौर असो, पहिली ओटी माझी भरतात. पोरी माझ्या पाया पडतात, माझ्यासारखं लांब सौभाग्य मागतात. मग उखाण्यांची वेळ येते. एकेक जण लाजत, अडखळत नाव घेते, बाकीच्या खिदळतात, आणि शेवटी सगळ्या माझ्याकडे वळतात. आईसाहेब, आता तुम्ही. एकदा तरी घ्या नाव. मी मान हलवते. मग एखादी जाणती बाई त्यांना दटावते, की बायांनो, त्यांना आग्रह करू नका, एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव ओठांवर येऊ दिलेलं नाही, असा नेम आता कुणाच्याने पाळवतो.

पोरी माझ्याकडे कौतुकाने पाहतात. मी हातातली सुपारी फिरवत बसते. त्यांना कोण सांगणार, की मी ते घेतलंय. एकदाच घेतलं, भर दुपारी, सगळ्या गडाला ऐकू जाईल असं. आणि ते थांबले.